पडद्याच्या पाठीवरचं स्वस्तिक

शामलाबाईच्या घरात पोळ्या साडेआठला व्हायच्या. पावणेनऊला आला त्याला थंड पोळी, नऊनंतर आला त्याला रिकामा डबा आणि वरून बाईचं तोंड. नवऱ्याच्या वेळी हाच कायदा, पोराच्या वेळी हाच, नातवाच्या वेळी तर त्यात कानामात्रेचाही फरक पडला नाही. "चूल कोणाच्या बापासाठी थांबत नसते," असं ती म्हणायची, आणि चुलीच्या जागी गॅस येऊन चाळीस वर्षं झाली तरी म्हणतच राहिली.

शाळा चौथीपर्यंत झालेली. पण मूगवड्या घालून, विकून तिनं सुभाष नगरातल्या दोन खोल्यांवर तिसरी चढवली, एकुलत्या पोराला, गिरिधरला, कारकून केलं. त्या तिन्ही खोल्यांत तिच्यापुढं आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती. वरची खोली आता सहा महिने बंद होती. ती खोली नातवाची, केयूरची.

तान्हा पोळा झाल्यानंतरच्या सोमवारी गिरिधर ऑफिसातून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "आई, केयूरचा फोन होता."

"मंग? मले काहून सांगून राहिला? बाजा लावू का?"

"रविवारी येतो म्हणे."

शेंगा सोलणारा बाईचा हात थांबला. "राहाले?"

"नाही. कम्प्युटर न्याले. पुण्याले खोली केली त्यानं. दहा वाजता येतो म्हणे, टेम्पो सांगून ठेवला आहे."

"ने म्हणा. वड्या वाळवाले जागा तरी होईन," बाई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. पण गिरिधरनं पाहिलं, दाणे टोपलीत आणि टरफलं ताटात पडायच्या ऐवजी सगळं उलटं चाललं होतं. न बोलणं हेच त्याचं आयुष्यभराचं हुनर होतं.

केयूर नऊ वर्षांचा असताना त्याची आई, वेदिका, एक पिशवी घेऊन माहेरी काटोलला निघून गेली. भांडण कशावरून, तर वेदिकाला सगळ्याच गोष्टीला उशीर व्हायचा यावरून. गिरिधर आणायला निघाला तेव्हा शामलाबाईनं त्याला दारात अडवलं. "पायानं गेली, पायानं येईन." वेदिका आली नाही. दोन वर्षांनी तापानं गेली ती तिकडंच. ती दोन वर्षं पोरगं शाळेतून आलं की जिन्याच्या खिडकीत बसायचं. बाई त्याला तिथून उठवून जेवायला बसवायची, साडेआठच्या ठोक्याला. लळा नव्हता असं कोणी म्हणू नये. लळा होता, पण त्याचा आवाज आणि शिवीचा आवाज एकाच पट्टीत निघायचा, पोराला फरक कळावा कसा?

पोरगं मोठं झालं, मिहानमधल्या एका कंपनीत कम्प्युटरवर बसू लागलं. तिथून आलं की घरी पुन्हा कम्प्युटर, त्यावर खेळ. चार-पाच पोरांची टोळी, कोणी पुण्याचं, कोणी इंदूरचं, कानाला डबे लावून एकमेकांशी बोलत खेळायची. त्याच्या स्पर्धा असतात आणि त्या जिंकल्या तर कंपन्या नोकरी देतात, हे केयूरनं आजीला तीनदा समजावलं. "हो," बाई म्हणाली, "अन् मी लगोरीत जिंकली असती तर कलेक्टर झाली असती."

मागच्या दसऱ्याला त्यानं स्वतःच्या पगारातून नवा सरंजाम आणला. काळी पेटी, तिच्यात चित्र काढणारं जाडजूड ग्राफिक्स कार्ड, आणि सत्तावीस इंची पडदा. पाय बसवायला म्हणून त्यानं तो पडदा पलंगावर पालथा घातला आणि स्क्रूड्रायव्हर आणायला खाली गेला.

दसऱ्याला शामलाबाई घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा करायची. शिलाई मशीन, मिक्सर, विळी, गिरिधरची स्कूटर. केयूरच्या कम्प्युटरला मात्र कधी हळदीचं बोट लागलं नव्हतं. खेळण्याची पूजा नसते, असा तिचा निवाडा होता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. वरच्या खोलीत वाळत घातलेलं लुगडं आणायला गेली, पोरगं नव्हतं, आणि तो काळा पडदा पलंगावर पालथा निजलेला. लहानपणी केयूर असाच निजायचा. बाई खाली गेली, ताट घेऊन परत आली. ओल्या कुंकवानं पडद्याच्या पाठीवर स्वस्तिक काढलं, ओवाळलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वरून टाकल्या, आणि कोणी पाहायच्या आत पसार झाली. चोरी केल्यासारखी.

केयूरनं स्वस्तिक पाहिलं असणारच. बोलला काही नाही. पण ते पुसलंही नाही.

आणि मग तो पडदा फाटायला लागला. चित्र उभं असताना ठीक, धावायला लागलं की मधोमध चिरायचं. वरचा तुकडा पुढं, खालचा मागं, माणसाचं डोकं एका जागी आणि धड हातभर मागं. केयूर दिवसच्या दिवस वायरी काढायचा, घालायचा. शेवटी जुन्या टीव्हीची वायर लावून बसला. बाईला तोंड चालवायला खुराक मिळाला. "पाहा बाप्पा! दोन महिन्यांचा पगार घातला अन् पडदा आणला तो फाटका. जुन्या बाजारातलं तरी धड निघते."

"होईन वं आजी नीट," एवढंच तो म्हणायचा.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. शेवटच्या डावात ऐन वेळी त्याचं चित्र फाटलं, नेम चुकला, आणि पाच पोरांची वर्षभराची मेहनत गेली. केयूर खाली येऊन पायरीवर बसला. नऊ वाजून गेले होते. बाईनं रिकामा डबा दाखवला आणि म्हणाली, "फाटक्या पडद्यावर कोण जिंकते? ज्याले एक वस्तू नीट लावता येत नाही, तो जग जिंकाले निघाला."

केयूरनं तिच्याकडं पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "मी जातो इथून."

"जाशीन तर जा. तुही मायही अशीच गेली होती. काही अडलं नाही आमचं."

बाण सुटला तो सुटला. त्याच आठवड्यात पोरगं पुण्याला गेलं. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी, आईसारखीच.

*

तर त्या सोमवारी शामलाबाईनं मनात एक गाठ मारली. रविवारच्या आत तो पडदा नीट करायचा. पोरगं येईल, खोलीत जाईल, चालू करून पाहील. चित्र धड दिसलं तर बसेल घडीभर. बसलं तर जेवेल. जेवलं तर... त्यापुढं ती जायची नाही, पण पाय तिथंच घोटाळायचे.

मंगळवारी गिरिधर ऑफिसला गेल्यावर तिनं पडदा गोधडीत गुंडाळला, दोरीनं बांधला आणि मेट्रो गाठली. तपासणीवाली पोरगी म्हणाली, "अम्मा, इसमें क्या है?"

"घर का दुखना है," बाई म्हणाली. "मशीन में डाल के देख, दिखता है क्या."

सीताबर्डीत एका गल्लीत, जिना चढून नागसेनचं दुरुस्तीचं दुकान होतं. केयूरच्या पेटीवर त्याचाच कागद चिकटवलेला, गिरिधरनं मागं कधीतरी वाचून दाखवला होता. चाळिशीचा माणूस, कपाळाला भिंग बांधलेला. त्यानं गोधडी सोडली, पडदा उलटा केला आणि हसला.

"मावशी, हा तुमच्याकडं कसा?"

"काहून? चोरला वाटते का मी?"

"तसं नाही हो. पाठीवर स्वस्तिक असलेला मॉनिटर माह्या दुकानात एकच आला आजवर. केयूरचा होय ना हा? कुठं असते तो आता?"

"पुण्याले," बाई म्हणाली. आणि कशी कोण जाणे, पुढचं वाक्य आपोआप आलं, "मी शेजारीण होय त्याची. चित्र फाटते म्हणे ह्याचं."

"फाटणारच. दिवाळीनंतर आणला होता त्यानं. पोरगं हुशार, सगळी सेटिंगं पाहून आला होता. कार्ड चांगलं, पडदा चांगला, पण दोघांचं जुळतच नव्हतं." नागसेननं पडद्याच्या पाठीवरच्या एका खाचेवर बोट ठेवलं. "त्यांचं जुळते ते ह्या खाचेतल्या वायरनं. मी बॅटरी मारून आत पाहिलं तर काय! तांदुळाचा दाणा, कुंकवात भिजलेला. त्याच्यावरूनच वायर दाबलेली, तो पार चेंदून आत चिकटलेला. मी म्हटलं, का गा, पडद्याले जेवू घातलं का? मी हसलो. तो नाही हसला."

शामलाबाईनं स्टूल ओढलं आणि बसली.

"म्हणे आजीनं ओवाळलं होतं. मी म्हटलं ठेवून जा, दोन दिवसांत खाच बदलून देतो. तर म्हणे नको दादा. घरी गेलो की आजी विचारेन काय झालं होतं, अन् तिच्यापुढं खोटं बोलता येत नाही मले. खरं सांगितलं तर ती माह्या वस्तूले पुन्हा हात लावणार नाही. म्हणे चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माह्या कामाची पूजा केली, तिले हे कसं सांगू? मी म्हटलं, अरे स्पर्धा आहे ना तुही? म्हणे पाहू, जुन्या वायरवर चालते तसं." नागसेननं मान हलवली. "आमच्या घरी पूजा-बिजा नसते, मावशी. पण त्या पोराच्या आजीले एकदा पाहाचं होतं मले. कशी बाई असन, जिच्यासाठी पोरगं हरायले तयार होते."

"असन कशी," शामलाबाई म्हणाली. "असन एखादी बिनडोक."

नागसेननं तिला पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

"पण फाटते कसं?" मग तिनं विचारलं. "एका दाण्यानं?"

"दाण्यानं नाही. हे पाहा, कार्ड म्हणजे चित्र काढणारा, पडदा म्हणजे दाखवणारा. कार्डाले एखादं चित्र लवकर जमते, एखाद्याले उशीर लागते. जसं काम तसा वेळ. पण पडदा घड्याळ लावून बसलेला. त्याची वेळ झाली की जे हाती असन ते दाखवते, अर्धं नवं, अर्धं जुनं. तिथं चित्र फाटते."

"मंग?"

"मंग ॲडॅप्टिव्ह सिंक. ते चालू असलं की पडदा आपलं घड्याळ सोडते. कार्डाचं झालं का पाहते. नसन झालं तर थांबते. पण ह्या कार्डाचं अन् ह्या पडद्याचं ते बोलणं ह्याच खाचेतून होते. जुन्या वायरनं चित्र जाते, बोलणं नाही जात."

"नुसता थांबते?"

"नुसता थांबते, मावशी. जास्त नाही, डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी. पण तेवढ्यानं चित्र वाचते."

बाई उठली. पदर नीट केला. "गुरुवारी नेते मी," ती म्हणाली. "अन् ते स्वस्तिक पुसू नको."

*

शुक्रवारी संध्याकाळी गिरिधर आणि ती वरच्या खोलीत पडद्यापुढं बसले. पडद्यासोबत आलेली नवी वायर केयूरनं परत खोक्यात ठेवली होती. खोका बाईनं जपून ठेवला होता, ती खोके कधी फेकत नसे. गिरिधरनं वायर लावली. पडदा काळाच. नागसेनला फोन लावला, तर तो म्हणे, "पेटीच्या वरच्या भागात उभी खाच आहे, तिथं लावली असन तुम्ही. ती नाही काका. खाली आडवं कार्ड आहे, त्याच्यात लावा." लावली. चित्र आलं. नागसेननं सांगितलेली चाचणी लावली, उभ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडं धावणाऱ्या. पट्ट्या फाटल्या.

"फाटूनच राहिल्या गा!" बाई ओरडली. तिच्या आवाजात असं काही होतं की गिरिधरनं तिच्याकडं वळून पाहिलं.

"थांबा, मावशी आहेत का तिथं?" फोनमधून आवाज आला. "पडद्याच्या खाली बुडाशी एक गुंडी आहे. ती दाबा, यादी येईन. त्यात ॲडॅप्टिव्ह सिंक बंद असन, ते चालू करा. मंग कार्डाच्या सेटिंगमध्येही चालू करा. दोन्हीकडून हो म्हटल्याशिवाय नाही चालत ते."

गुंडी बाईनंच दाबली. मूगवड्यांनी जाड झालेला अंगठा घसरत होता, यादी पुढं-मागं पळत होती. तिसऱ्या खेपेला जमलं. कार्डाकडची बाजू गिरिधरनं पाहिली. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि पट्ट्या धावू लागल्या. सरळ, अखंड, तेलाच्या धारेसारख्या. कुठं चीर नाही.

शामलाबाई पाहत राहिली. खाली साडेआठ होऊन गेले, पोळ्यांचं पीठही भिजवलेलं नव्हतं.

*

रविवारी तिनं गोळाभात केला, केयूरच्या आवडीचा, वर फोडणीचं तेल वेगळं. पीठ मळून ठेवलं. दहा वाजले, अकरा वाजले. गिरिधर म्हणाला, "आई, आपण जेवून घेऊ." बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो जाऊन पेपर वाचत बसला. तवा तापवला की ती गॅस बंद करायची, थंड झाला की पुन्हा पेटवायची. बारा. साडेबारा. जन्मात पहिल्यांदा तिच्या घरात तवा माणसाची वाट पाहत होता.

सव्वा वाजता टेम्पो आला. केयूर उतरला. वाळला होता, दाढी राखली होती. वाकून तिच्या पाया पडला.

"हातपाय धू. पोळ्या टाकते मी."

"जेवून आलो वं, आजी. रस्त्यात. टेम्पोवाल्याले भूक लागली होती."

"बरं," बाई म्हणाली आणि गॅस बंद केला.

तो वर गेला. जरा वेळानं तीही जिना चढून दारात उभी राहिली. केयूरनं चालू करून पाहिलं होतं. खेळ धावत होता, चित्र पाण्यासारखं वाहत होतं. त्यानं पडदा वळवून पाठ पाहिली. नवी खाच, नवी वायर, आणि तिथंच ते फिकं पडलेलं स्वस्तिक.

"कोणी केलं हे?"

"आईनं," मागून गिरिधर म्हणाला. "मेट्रोनं नेला तिनं सीताबर्डीले. मले सांगितलंही नाही."

केयूर आजीकडं वळला. मंगळवारपासून तिनं दोन शब्द घोटून ठेवले होते. *चुकलं माह्यं.* देवापुढं म्हणून पाहिले होते, मोरीत म्हणून पाहिले होते. आता ते घशापर्यंत आले, आणि तोंडातून निघालं, "वायर नवी होती. वाया जाऊन राहिली होती."

"नागसेनदादानं सांगितलं का काही?"

"तो काय सांगन? अन् मले काय समजते त्यातलं."

पण ती भिंतीकडं पाहत होती, आणि शामलाबाई बोलताना कधी भिंतीकडं पाहत नसे. पोराला कळलं. तो पुढं आला, तिच्यासमोर उभा राहिला. वाटलं, आता काही बोलेल. मग त्यानं मागं हात नेला आणि पडदा बंद केला. वायरी गुंडाळू लागला.

खोली रिकामी व्हायला अर्धा तास लागला. टेम्पोत पेटी चढली, खुर्ची चढली, पडदा चढला. बाई ताट घेऊन दारात आली. निरांजन पेटवलेलं, हळद, कुंकू, अक्षता. तिनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि अक्षतांची मूठ तशीच मिटून राहिली.

"आजी, अक्षता?"

"नको. कुठं जाऊन बसतीन दाणे."

केयूरचा चेहरा हलला. त्यानं डोकं तिच्यापुढं वाकवलं. "टाक वं. माह्या डोक्याले नाही खाच."

तिनं टाकल्या. हात तिथंच त्याच्या केसांवर राहिला, आणि मग ती बोलली, टेम्पोच्या घरघरीत कोणालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "राह्य ना."

त्याला ऐकू गेलं. वाकलेलाच होता तो. सरळ झाला, तिचा हात दोन्ही हातांत धरला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला तो सोसता आला असता.

"नऊ वाजून गेले, आजी," तो म्हणाला.

तो टेम्पोत बसला. ड्रायव्हरनं गिअर टाकला तशी बाई एकदम ओरडली, "थांब रे! थांब म्हणते ना!" ड्रायव्हर घाबरून थांबला. ती घरात धावली, गोधडी घेऊन आली, मागं चढून तिनं पडदा चारी बाजूंनी गुंडाळला, कडा खोचल्या, पोरगं निजलं की खोचायची तशा. उतरली. टेम्पो तरी उभाच. ड्रायव्हर तिच्याकडं पाहत होता, केयूर पुढं पाहत होता. आता तीच बोलायची बाकी होती.

"चल, निघ," शामलाबाई म्हणाली.

*

त्या घरात पोळ्या आता साडेआठला होत नाहीत. साडेआठला पीठ मळलं जातं, त्यावर ओलं फडकं पडतं, तवा ओट्यावर येतो. बाई जिन्याच्या खिडकीत जाऊन बसते. गिरिधरला भूक लागलेली असते. तो विचारत नाही.